कचरा दारातून गेला, पुढे?

मुंबई महापालिकेने एप्रिल 2025 मध्ये घनकचऱ्याच्या उपविधींचा मसुदा काढला आणि त्यात घरटी शुल्क सुचवलं. 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, त्याहून मोठ्याला 500, आणि 300 चौरस मीटरच्या वर 1000. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप त्यावर जो पेटला तो बरेच दिवस विझला नाही. ‘मग मालमत्ता कर कशाचा घेता?’ हा एक पक्ष. ‘पैसे घ्या, पण सगळं खासगी करा, म्हणजे काम तरी होईल’ हा दुसरा. दुसऱ्या पक्षाच्या एका काकांनी मला थेटच विचारलं, ‘तू नैरोबीत आहेस ना? तिकडे तर कचरा खासगी लोकच उचलतात म्हणे. कसं चाललंय?’

काका, उचलण्यापुरतं म्हणाल तर झकास चाललंय. आम्ही पार्कलँड्समध्ये राहतो. इमारतीच्या देखभालखर्चातच टाकाटाकाचे, म्हणजे कचऱ्याचे, पैसे धरलेले असतात. ठरलेल्या दिवशी सकाळी लॉरी येते, आस्कारी, म्हणजे रखवालदार, फाटक उघडतो, पोरं काळ्या पिशव्या पटापट वर फेकतात. दोघं वरच बसून पिशव्या फोडतात, पुठ्ठा आणि बाटल्या वेगळ्या काढून लॉरीच्या बाजूला टांगलेल्या गोण्यांत कोंबतात. त्यांची वरकमाई ती. दहा मिनिटांत फाटक बंद. तक्रारीला जागा नाही. मथारेसारख्या झोपडवस्तीत हेच काम तरुणांचे गट हातगाडीवर करतात, घरटी थोडे शिलिंग घेऊन. सगळ्या शहरात असे लहानमोठे कितीतरी धंदे चालतात.

आता लॉरीच्या मागे मागे जाऊ. ती जाते डांडोराला. जुनी दगडखाण, शेजारून नैरोबी नदी. 1975 मध्ये तिथे कचरा टाकायला सुरुवात झाली, तेव्हा हे आजच्या मानाने लहान शहर होतं. 1979 च्या जनगणनेत सव्वाआठ लाख माणसं, 2019 च्या जनगणनेत 44 लाख. डांडोरा भरलं असं 2001 मध्येच जाहीर झालं. 2021 मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत ते हलवायला सांगितलं. लॉऱ्या आजही तिथेच जातात. पर्यायी जागा रुआईला बघितली होती, पण विमानतळ जवळ आणि कचऱ्यावर पक्षी येणार, म्हणून ती बारगळली. डांडोराच्या ढिगावर माणसाच्या कमरेपेक्षा उंच मारबू करकोचे माणसांच्या बरोबरीने चोची मारत हिंडतात, ते पाहिलं की विमानवाल्यांचं म्हणणं पटतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय याच शहरात, गिगिरीच्या हिरव्यागार परिसरात आहे. त्यांनीच 2007 मध्ये डांडोराचा अभ्यास करवून घेतला. आसपासची 328 मुलं तपासली, तर निम्म्यांच्या रक्तात शिशाचं प्रमाण मान्य मर्यादेपेक्षा जास्त निघालं. अहवाल गाजला, ढीग वाढत राहिला.

बरं, प्रत्येक लॉरी तिथवर पोचते असंही नाही. पावसाळ्यात आतल्या चिखलात चाकं रुततात, बाहेर रांग लागते. वाटेत टोळ्या वसुली करतात, हे तर इथल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येतंय. चालकाचा हिशेब सरळ आहे. पैसे आमच्या फाटकाशी मिळाले, ते कचरा उचलण्याचे मिळाले. डिझेल जाळून डांडोरा गाठलं काय आणि रात्री एखाद्या मोकळ्या प्लॉटवर माल उपडा केला काय, त्याची कमाई तेवढीच. हातगाडीवाल्याला तर नदी जवळ पडते. मग एप्रिल-मेच्या पावसात गटारं तुंबतात आणि पाणी मथारेत शिरतं, पार्कलँड्समध्ये नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरोघरचा कचरा उचलणं हा धंदा होऊ शकतो, कारण दारातली घाण जावी म्हणून कोणीही पैसे मोजतं. ती पुढे नीट जिरवण्यासाठी आपण होऊन कोणी मोजत नाही. ते काम सरकारनेच करावं लागतं, आणि नैरोबीने नेमकं तेच सोडून दिलं. शेजारच्या युगांडात, कंपालाला, याचा शेवट ऑगस्ट 2024 मध्ये दिसला. कितीझीचा कचऱ्याचा डोंगर पावसात खचला आणि पायथ्याच्या घरांतली निदान 35 माणसं गेली. इथिओपियात अदिस अबाबाच्या कोशे या ढिगाखाली 2017 मध्ये शंभराहून जास्त.

इथल्या भारतीयांत बसलं की कोणीतरी रवांडाच्या राजधानीचं, किगालीचं, कौतुक काढतंच. किगाली चकचकीत आहे, वाद नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर त्यांनी 2008 मध्येच बंदी आणली. केनियाने 2017 मध्ये, आणि तीही कडक, 40 लाख शिलिंगपर्यंत दंडाची. पण किगालीतली गाडीसुद्धा शेवटी एन्दुबाच्या उघड्या ढिगावर जाऊनच रिकामी होते.

आता मुलुंडकरांनी फार हसू नये. आपलं डम्पिंग 2018 मध्ये बंद झालं, आपण सुटलो. कचरा कमी झाला नाही. मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरच्या डम्पिंगला जातो आणि वास शेजारचे कन्नमवार नगरवाले घेतात. ग्रुपवर शंभर रुपयांवर एवढं रण माजलं, त्यात कांजूरचं नाव कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

मी शुल्काच्या बाजूचा आहे. पण ते दारातल्या गाडीसाठी नको. ओला कचरा वॉर्डातच जिरवायला, जुने ढीग उपसायला आणि वेचणाऱ्यांच्या मजुरीला ते बांधून टाका. वेचणाऱ्यांच्या बाबतीत नैरोबीने पुण्याकडून शिकावं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासूनची. तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही वेचकांचीच सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा घेते. माल ढिगावर जाण्याआधी दारातच वेगळा होतो, बाईच्या गळ्यात ओळखपत्र असतं. डांडोरावर तेच काम हजारो माणसं धुरात उभी राहून लोखंडी आकड्याने करतात आणि मधल्या दलालाला किलोवर विकतात. कचरा वेगळा करण्याचा कायदा केनियाने 2022 मध्ये केला, चांगला आहे. आमच्या फाटकावर मात्र अजून सगळ्याला एकच काळी पिशवी.

काकांचा पुढचा प्रश्न होता, ‘मग करायचं काय तुमच्या नैरोबीने?’ मला विचाराल तर घरटी मिळणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा रोखून धरावा आणि लॉरी वजनकाट्यावर आल्यावरच द्यावा, टनामागे. रात्रीच्या प्लॉटची चटक त्याने तरी सुटेल. यात मेख आहे, ती मुंबईकराला सांगायला नको. वजनावर पैसे म्हटल्यावर आपल्याकडच्या ठेकेदारांनी कचऱ्यात डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, मिसळलं होतं, प्रकरण चांगलंच गाजलं. तेव्हा काट्याशी एक माणूस ताडपत्री उचलून आत बघणाराही हवा, आणि त्याचा पगार लॉरीमालकाने द्यायचा नाही.