देवीच्या नावावर सगळं खपवू नका

‘स्पॅनिश लोकांनी अमेरिकेतल्या मूलनिवासींचा संहार केला हे खोटं आहे. देवीच्या साथीनं ते मेले, त्यांच्यात प्रतिकारशक्तीच नव्हती. उलट राजानं त्यांच्या रक्षणासाठी कायदे केले.’ हा दावा सध्या जोरात फिरतोय. अर्धा खरा असल्यामुळे तो चटकन पटतो.

खरा भाग आधी मान्य करू. मेक्सिकोत १५२० ची देवी आणि पुढे १५४५ व १५७६ च्या ‘कोकोलिझ्ट्ली’ या साथींनी प्रचंड माणसं नेली. तेवढी तलवारीनं मरणं शक्यच नव्हतं.

पण ‘देवीनंच मारलं’ म्हणणाऱ्यांनी हिस्पानिओला बेटाच्या तारखा पाहाव्यात. आज तिथे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक आहेत. कोलंबस १४९२ मध्ये पोचला तेव्हा तिथे ताइनो लोक किती होते यावर अभ्यासकांच्या अंदाजांत प्रचंड तफावत आहे, म्हणून तो आकडा बाजूलाच ठेवू. स्पॅनिशांच्या स्वतःच्या मोजणीत १५०८ साली सुमारे ६०,००० उरले होते, १५१४ साली सुमारे २६,०००. आणि बेटावर देवी आल्याची पहिली नोंद? १५१८ चा डिसेंबर. त्याआधी दुसरे ताप आले असतील, आलेच असावेत. पण त्याच वर्षांत सोन्याच्या भागातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाकडून दर तीन महिन्यांनी, ससाण्याच्या पायात बांधतात तेवढी घंटी भरून सोनं मागितलं जात होतं. नंतर माणसंच वाटून दिली गेली, खाणीवर आणि शेतावर राबायला. कसाव्याची, म्हणजे तिथल्या मुख्य अन्नाच्या कंदाची, लागवड मोडली, दुष्काळ पडला. मजूर कमी पडले तेव्हा बहामा बेटांवरून लोक पकडून आणले. ती बेटं ओसाड झाली.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल, तर ती नसल्यामुळे पहिली साथ भयानक का ठरली हे कळतं. शंभर वर्षं लोकसंख्या सावरली का नाही, हे कळत नाही. देवी आणि प्लेग आपल्याकडेही येऊन गेलेत. वाचलेल्यांनी पुन्हा पेरलं, पोरंबाळं झाली, गावं भरली. पेरूच्या डोंगरात हेच होऊ दिलं गेलं नाही. व्हाइसरॉय तोलेदोनं १५७० च्या दशकात लाखो लोकांना विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून नव्या गावांत कोंबलं (साथ पसरायला याहून सोयीचं काय?) आणि ‘मिता’ची वेठ लादली. ठरलेल्या प्रांतांतले सातातला एक प्रौढ पुरुष, म्हणजे वर्षाला सुमारे १३,००० जण, पोतोसीच्या चांदीच्या खाणीवर. वानकावेलिकाला तर पाऱ्याची खाण. परगावी जाऊन राहिलं की मिता टळायची, म्हणून लोक पळाले. गावाच्या यादीतली काही घट ही अशी पळालेल्यांचीही आहे, हे मात्र आकडे फेकणाऱ्या दोन्ही बाजू विसरतात. आणि गावात मागे उरलेल्यांची मिताची पाळी लवकर येऊ लागली.

राहिले कायदे. १५१२ चे, स्पेनमधल्या बुर्गोस शहरात केलेले कायदे वाचा: खाणीत पाच महिने राबल्यावर चाळीस दिवस विश्रांती, चार महिन्यांपुढच्या गरोदर बाईला खाणीत पाठवू नये. असा नियम लिहावा लागला, यावरून तोवर काय चाललं होतं ते समजा. १५४२ च्या नव्या कायद्यांनी माणसांचं हे वाटप वारशानं पुढे जाऊ नये असं ठरवलं. अशी माणसं वाटून मिळालेल्या पेरूतल्या मालकांनी बंड केलं. राजानं १५४५ मध्ये ते कलम मागे घेतलं, आणि पुढच्याच वर्षी बंडखोरांनी कायदा राबवायला आलेल्या व्हाइसरॉयचं मुंडकं उडवलं.