हक्क लवकर द्या, भाषा जरूर मागा

पुणे सोडून बंगळूरला जावं की नाही, यावर आमच्या घरात सध्या रोज बोलणं होतं. माझ्या ताईच्या मुलाला खराडीतल्या नोकरीतून बंगळूरच्या व्हाइटफील्डला बदली मिळते आहे, पगारही वाढतो आहे. त्याची मुलगी आठवीत आहे. ताई सहकारनगरला एकटी असते. मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहते. आम्हीही एकदा कॅलिफोर्निया सोडून इथं आलो, म्हणून "मावशी, तू राज्य बदललंयस, तू सांग" असं भाचा म्हणतो. फोनवर या विषयाचे तुकडे होतात, म्हणून सलग लिहिते आहे.

पुण्यात याच विषयाचे दोन वाद चालू असतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. पहिला वाद बाहेरून येणाऱ्यांचा. वाकड-हिंजवडीत मराठी ऐकू येत नाही, सोसायटीच्या सभेत हिंदीत बोलावं लागतं, रिक्षावाल्यापासून बँकेपर्यंत कुणाला मराठी येत नाही, ही तक्रार. 16 एप्रिल 2025 रोजी सरकारनं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा निर्णय काढला, तेव्हा तिला तोंड फुटलं आणि 29 जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. दुसरा वाद बाहेर जाणाऱ्यांचा. 2022 मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला. जुलै 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार हिंजवडीची पाहणी करताना, आयटी पार्क बंगळूर-हैदराबादला चाललं आहे म्हणून उघड संतापले. ज्या घरात सकाळी 'हे लोक इथं कशाला येतात' हा विषय निघतो, त्याच घरात संध्याकाळी 'आपल्या मुलानं तिकडे जावं का' हा विषय असतो. माझं म्हणणं असं, की हा एकच प्रश्न आहे. राज्य बदलणाऱ्या माणसाला नव्या राज्यानं काय द्यायचं आणि त्याच्याकडून काय मागायचं, हे आपण नीट ठरवलेलं नाही. जे आपण येणाऱ्यांसाठी मागतो, ते आपल्या जाणाऱ्या मुलांनाही लागू पडेल, हे धरून ते ठरवायला हवं.

आधी पैशाचं, कारण घरात सगळे तिथूनच सुरुवात करतात. अमेरिकेत राज्य बदलण्यामागे कर हे खरंखुरं कारण असतं. कॅलिफोर्नियात राज्याचा प्राप्तिकर वरच्या टप्प्यात 13.3 टक्क्यांपर्यंत जातो, टेक्सासमध्ये तो नाहीच. पण टेक्सास ते घरपट्टीतून वसूल करतं. कॅलिफोर्नियात 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे घराचं करपात्र मूल्य वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. टेक्सासमध्ये स्वतः राहत्या घरालाही ही मर्यादा 10 टक्के आहे, शिवाय दरही चढा. दर वसंतात मूल्यांकनाची नोटीस येते आणि मेच्या मध्यापर्यंत हरकत घ्यायची धावपळ होते. तरीही हिशेब आमच्या बाजूनं बसला, कारण तिथे घर परवडणारच नव्हतं.

भारतात हे गणित लागू नाही. प्राप्तिकर केंद्राचा, तो पुण्यात आणि बंगळूरमध्ये सारखाच. राज्याचा व्यवसाय कर घटनेच्या 276 व्या कलमानं वर्षाला 2,500 रुपयांवर जाऊ शकत नाही. म्हणजे करासाठी राज्य बदलायचं कारण नाही. उरतो पगार आणि घरभाडं, आणि ते भाच्यानं कागदावर मांडलेलं आहेच. गाडीचं मात्र आधी बघून ठेवावं. एमएच-12 ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमाप्रमाणे तिथली नोंदणी करावी लागते. म्हणजे इथल्या आरटीओची एनओसी, तिथला रोड टॅक्स, आणि इथं भरलेल्याचा उरलेला भाग परत मिळवण्यासाठी हेलपाटे.

खरं अवघड आहे ते मुलीचं शिक्षण, आणि आमच्या घरच्या चर्चेत त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते. महाराष्ट्रात शासकीय मेडिकल कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याच्या. राज्याच्या जागेसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, वर अधिवासाचा दाखला. नववीपासून ती बंगळूरला गेली, तर हे दार बंद. मग कर्नाटकाचं उघडेल का? तिथल्या सीईटीचा मुख्य निकष सांगतो, की पहिली ते बारावी यांतली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली हवीत. नववी ते बारावी म्हणजे चार. आई-वडिलांचं शिक्षण किंवा नोकरी यांवरून काही सवलती आहेत, पण पुण्यातच शिकलेल्या, खासगी नोकरीतल्या जोडप्याला त्या मिळण्यासारख्या नाहीत. मुलगी जन्मानं पुण्याची, शिक्षणानं बंगळूरची, आणि प्रवेशाच्या वेळी दोन्ही राज्यांना परकी! इंजिनिअरिंगला जायचं असतं, तर आई किंवा वडिलांच्या अधिवासावर महाराष्ट्रात एक वाट उरली असती. मेडिकलला ती नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं अधिवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, पण एमबीबीएसच्या पातळीवर ही पद्धत चालूच आहे.

आम्ही कॅलिफोर्नियातून हललो ते आमची मुलगी नववीत जायच्या आधी, आणि ते मुद्दाम तसं केलं. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यातल्यापेक्षा कितीतरी पट फी पडते. ऑस्टिनच्या विद्यापीठात तर तिपटीहून अधिक. पण राज्यातला ठरायला कुटुंबाचं बारा महिन्यांचं वास्तव्य पुरतं. शिवाय 1997 च्या कायद्याप्रमाणे टेक्सासमधल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनला तेवढी अट आणखी कडक. त्या दहा टक्क्यांत काल आलेल्याचं मूलही बसतं. शाळेत कुणी विचारलं नाही, की तुम्ही मूळचे कुठले.

हा फरक मला फार मोठा वाटतो. टेक्सासला आल्यावर तीस दिवसांत गाडीची नोंदणी आणि नव्वद दिवसांत इथलं लायसन्स घ्या, एवढं राज्य सांगतं, आणि मग तुम्ही इथले. आम्ही तेव्हा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होतो, त्यामुळे नोकरीचं ठिकाण बदलताना कंपनीला नव्यानं अर्ज करावा लागला आणि तेवढे महिने जीव टांगणीला होता. पण तो केंद्र सरकारचा कारभार. राज्याचं काही म्हणणं नव्हतं. कॅलिफोर्नियानं एकदा नव्यानं आलेल्या गरीब कुटुंबांना पहिलं वर्षभर त्यांच्या जुन्या राज्याइतकीच मदत द्यायचं ठरवलं होतं. 1999 मध्ये 'साएन्झ विरुद्ध रो' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. नवा रहिवासी आणि जुना रहिवासी यांत राज्यानं भेद करायचा नाही, असं तिथं ठरलं.

आपल्या घटनेचं 19 वं कलमही देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क देतं. राहण्याचा हक्क आहे, पण तिथला होण्याचा रस्ता लांब आहे. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तिशीत पुण्याला आलेला माणूस पंचेचाळिशीत महाराष्ट्राचा होणार! तोवर त्याचं मूल दहावी-बारावी ओलांडून गेलेलं असतं.

आणि काही हक्क तर कितीही वर्षं राहिलं तरी बरोबर येत नाहीत. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबानं बंगळूर गाठलं, तर त्यांचा जातीचा दाखला कर्नाटक सरकारच्या नोकरीत आणि प्रवेशात चालत नाही. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तसं ठरवलं आणि 2018 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. जातींच्या याद्या राज्यवार आहेत, हे त्यामागचं कारण मला समजतं. पण जात मात्र राज्याची सीमा ओलांडताना मागे राहत नाही. आमच्या नात्यातल्या चर्चेत हा मुद्दा कधीच येत नाही, कारण आमच्यापैकी कुणाला त्याची झळ बसत नाही. पुण्यातून बाहेर जाणाऱ्या असंख्य तरुणांना ती बसते, आणि त्यांच्यासाठी 'जावं की न जावं' हा हिशेब पगाराच्या पलीकडचा आहे.

अमेरिकेचं कौतुक इथं थांबवते, कारण राज्य बदलण्याची तिथली दुसरी बाजूही मी जगते आहे. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. कॅलिफोर्नियात राहिलो असतो, तर माझ्या मुलीचा हा हक्क शाबूत असता. घराची किंमत आणि शाळांचे दर्जे पाहून आम्ही राज्य निवडलं, आणि मुलीच्या शरीराबद्दलचा कायदा त्याबरोबर बदलून आला. भारतात गर्भपाताचा कायदा देशभर एकच आहे. भाच्याला आणि त्याच्या मुलीला ही चिंता नाही. फेब्रुवारी 2021 च्या बर्फवादळात टेक्सासची वीज गेली आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली, तेव्हा उमगलं की या राज्यानं आपलं वीजजाळं शेजाऱ्यांपासून जवळजवळ वेगळं ठेवलेलं आहे. हे सगळं राज्य निवडण्याआधी विचारायचे प्रश्न असतात, आणि आपण फक्त पगार विचारतो.

आणखी एक. टेक्सासनं आम्हाला पटकन सगळं दिलं, पण आमच्याकडून काही मागितलं नाही. आमच्या गल्लीत अर्धी घरं गेल्या काही वर्षांत आलेल्यांची आहेत. शहराच्या सभेला, शाळा मंडळाच्या निवडणुकीला त्यांच्यापैकी फार थोडे जातात. लोक जितके सहज येतात तितके सहज निघून जातात, आणि गावाशी नातं घरपट्टीच्या हरकतीपुरतं उरतं. हे मला मनापासून खटकतं. म्हणूनच पुण्यातला भाषेचा आग्रह मला इथं बसून अधिक पटायला लागला आहे. आलेल्या माणसानं मराठी शिकावी, ही मागणी रास्त आहे. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण मग कर्नाटकानं 2015 च्या कायद्यानं शाळांत कन्नड सक्तीची केली, तेही तितकंच योग्य. परवा फोनवर भाचेसून म्हणाली, "आठवीतल्या मुलीला आता कन्नड कशाला?" वाकडच्या सोसायटीत मराठी बोलत नाहीत म्हणून चिडणारीही तीच. मी तिला म्हटलं, "अगं, तू जे इथं मागतेस तेच ते तिथं मागतायत." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तिला शिकवेल कोण?" हा खरा प्रश्न आहे. शिकवायची सोय करण्याची जबाबदारी राज्याची, आणि ती महाराष्ट्रही पुरेशी घेत नाही. कामावरून आठला घरी येणाऱ्या प्रौढाला संध्याकाळी मराठी शिकता येईल, असे वर्ग पुण्याच्या प्रत्येक प्रभागात का नसावेत?

भाषा शिकली म्हणजे आपली सुटते, ही भीतीही खोटी आहे. तंजावरच्या मराठ्यांनी तमिळ आपलीशी केली आणि तीनशेहून अधिक वर्षं घरात मराठी टिकवली. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरचंही तसंच. पुण्यात रास्ता पेठेतल्या दाक्षिणात्य कुटुंबांच्या आणि फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या उत्तम मराठी बोलतात. इकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत आई-वडील रविवार देऊन मुलांना बाराखडी गिरवायला लावतात. बंगळूरमध्ये तर पुण्याची आजी एका रात्रीच्या बसच्या अंतरावर आहे. ताई आजारी पडली, तर भाचा सकाळी तिच्या उशाशी असेल. मला ते जमत नाही, आणि परदेश की परराज्य असा प्रश्न कुणी विचारला, तर माझं पहिलं उत्तर हेच असेल.

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. अधिवासाची पंधरा वर्षं कमी करून तीन करा, आणि त्या तीन वर्षांत मराठीची एक सोपी परीक्षा ठेवा. मुलांच्या प्रवेशाबाबत राज्यांनी आपसांत एवढं तरी ठरवावं, की आई-वडिलांच्या नोकरीमुळे हललेलं मूल कुठल्या तरी एका राज्याचं धरलं जाईल. जातीच्या दाखल्याचा प्रश्न संसदेनं हातात घ्यायला हवा.

भाच्याला सांगायचं ते असं: मुलीचा डॉक्टर व्हायचा विचार पक्का असेल, तर बारावी होईपर्यंत तिला आणि तिच्या आईला पुण्यातच ठेव, तू एकटा जा, महिन्यातून दोनदा ये. विचार कच्चा असेल, तर सगळे मिळून जूनमध्ये जा, आणि तिची कन्नडची शिकवणी आत्तापासून लाव. तुम्ही सगळे एक महिना भाड्यावर आणि पगारावर बोलता आहात. ती आठवीत आहे, तिला सगळं कळतं. तिला बोलावून, दोन्ही राज्यांचे नियम समोर ठेवून, या रविवारी विचारा.