बर्नआउट म्हणजे आळस नव्हे : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच लांबलचक संदेश मला व्हॉट्सॲपवर तीन गटांतून आला. पहिल्यांदा तो आमच्या टंकलेखन संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात आला तेव्हा मी वाचून सोडून दिला, आणि दुसऱ्यांदा सोसायटीच्या गटात आला तेव्हा उघडलाही नाही. तिसऱ्यांदा मात्र तो आमच्या कुटुंबाच्या गटात आला. माझी भाची डॉक्टरांकडे जाऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या सख्ख्या काकांनी तो टाकला आणि खाली 'तरुण पिढीने जरूर वाचावे' अशी ओळ जोडली. काकांचा हेतू वाईट नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण भाचीने तो वाचला आणि दुपारी मला फोन करून विचारले, "मावशी, मी खरंच आळशी आहे का गं?" त्या प्रश्नानंतर गप्प बसणे मला जमणार नाही.

संदेशाचा मजकूर थोडक्यात असा आहे. रोज एक टक्का सुधारणा केली तर माणूस वर्षभरात ३७ पट पुढे जातो. कोणतीही सवय २१ दिवसांत लागते. १० हजार तास मेहनत केली की कोणीही कोणत्याही क्षेत्रात अव्वल होतो. यशस्वी माणसे पहाटे चारला उठतात, आणि समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला केलेले तप नाशिककरांनी तरी विसरू नये. आपल्या शेतकरी आजोबांना कधी बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार कोरडे पडणे, झाला नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत : 'बर्नआउट हे आळसाचे इंग्रजी नाव आहे. थकवा आला तर थांबू नका, स्वतःवर आणखी काम करा.'

मी शेवटच्या विधानापासून सुरुवात करते, कारण बाकीची विधाने चुकीची किंवा अर्धवट आहेत, पण हे विधान माणसाला इजा करणारे आहे.

'बर्नआउट' हा शब्द या अर्थाने अभ्यासकांच्या लेखनात आणला तो न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. ते एका मोफत दवाखान्यात काम करत असत आणि तेथे मनापासून राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांत कसे कोरडे पडत जातात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ही अवस्था कोणाला गाठते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी त्याच लेखात दिले आहे : जे कामाला वाहून घेतात आणि जे घेतलेली जबाबदारी सोडत नाहीत, त्यांना. म्हणजे ज्याने या अवस्थेला नाव दिले, त्याने ते कामसू माणसांकडे बघून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यातही त्याला आजार म्हटलेले नाही आणि स्वभावदोषही म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याचे नीट व्यवस्थापन झाले नाही, तर त्यातून उद्भवणारी ती स्थिती आहे, असे म्हटले आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. यात आळस कोठे बसतो, ते संदेश लिहिणाऱ्याने दाखवून द्यावे.

आता माझ्या भाचीविषयी लिहिते, तिच्या परवानगीने. ती २७ वर्षांची आहे आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. तिच्या विभागातील एक जागा आठ महिने रिकामी होती आणि त्या जागेचे कामही तिच्याच टेबलावर येत होते. काम वेळेत उरकत नाही म्हटल्यावर तिने काय करायला हवे होते? वरिष्ठांकडे जाऊन, दोन माणसांचे काम एका माणसाकडून होणार नाही, असे सांगायला हवे होते. त्याऐवजी तिने, आपणच हळू आहोत, असे ठरवले आणि वेळेचे नियोजन शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स पैसे भरून घेतला. मग साडेचारला उठणे आले, थंड पाण्याची अंघोळ आली, ध्यान, १० हजार पावले, रोज १५ इंग्रजी शब्द, कृतज्ञतेची वही, बसमध्ये दीडपट वेगाने ऐकायचे पॉडकास्ट, आणि रात्री नऊ ते अकरा डेटा विश्लेषणाचा दुसरा कोर्स. तिच्या खोलीत कपाटाच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्यात अकरा रकाने होते. झालेल्या गोष्टीला हिरवी खूण, राहिलेल्या गोष्टीला लाल. रविवारची ओळही त्यात रिकामी नव्हती.

एका सोमवारी सकाळी पावणेआठला ती पाथर्डी फाट्यावर कंपनीच्या बससाठी उभी होती. बस आली, दार उघडले, आणि तिचा पाय उचलेना. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, थोडे थांबून गाडी निघून गेली, आणि ही खांद्याला डबा अडकवून तेथेच उभी राहिली. तिने आईला नव्हे, मला फोन केला. "मावशी, मला गाडीत चढताच आलं नाही," एवढेच ती तीन-चार वेळा म्हणाली. मी तिला घरी घेऊन गेले तेव्हा तो तक्ता पाहिला. त्या दिवसाच्या अकरा चौकोनांपैकी सहांत हिरवी खूण झालेली होती. ज्या मुलीने पहाटेपासून सहा कामे उरकली आणि पावणेआठला जिचा पाय उचलला नाही, तिला आळशी म्हणणाऱ्या माणसाने हा तक्ता एकदा डोळ्यांसमोर आणावा.

हिशोब साधा आहे. कायद्याप्रमाणे कारखान्यातील कामगाराचा आठवडा, ओव्हरटाइम सोडला तर, ४८ तासांचा असतो आणि त्यात सुट्टीचा एक दिवस असतो. भाची पहाटे अडीच तास आणि रात्री दोन तास असे रोजचे साडेचार तास 'स्वतःवर काम' करत होती. सहा दिवसांचे ते २७ तास होतात, आणि रविवार मी मोजलेलाच नाही. स्वसुधारणेच्या या कामाला मात्र ना सुटीची घंटा आहे, ना साप्ताहिक सुट्टी, ना तक्रार ऐकणारा कोणी माणूस, कारण येथे काम करणाराही आपण आणि फटकारणाराही आपणच. बर्नआउट कामातून येतो हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे मी नाकारत नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे : सतत सुधारत राहण्याचे हे वेड त्या कामातून सावरायला जे तास उरतात तेच खाऊन टाकते, आणि वर कामाच्या ओझ्याचा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलते. रिकाम्या जागेची तक्रार झालीच नाही. तिच्याऐवजी कोर्सची फी भरली गेली. बर्नआउट मोजण्याची सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली १९८१ साली सहकाऱ्याबरोबर मांडणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांनी पुढे त्याची जी सहा मुळे सांगितली, ती कामाचा भार, कामावरचे नियंत्रण, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ अशी आहेत. यांतले एकही मूळ पहाटे थंड पाण्याने अंघोळ करून उपटले जात नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. सोमवारी कामावर जायचा कंटाळा आला की 'मला बर्नआउट झालंय' म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे हा शब्द स्वस्त झाला आहे. रोजच्या थोड्या सरावाने माणूस शिकतो, हेही खरेच आहे. नाशिकरोडला २२ वर्षे मी जी संस्था चालवते ती त्यावरच उभी आहे. पण म्हणूनच ३७ पटींचा तो आकडा मला खपत नाही.

१.०१ हा आकडा स्वतःनेच ३६५ वेळा गुणला तर उत्तर ३७.७८ येते, यात चूक नाही. चूक आहे ती, माणसाचे कौशल्य बँकेतल्या चक्रवाढ व्याजासारखे वाढते असे गृहीत धरण्यात. शासनाच्या मराठी टंकलेखन परीक्षेला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. संदेशातील हिशोबाप्रमाणे ती परीक्षा पास झालेल्या मुलीने वर्षभर सराव केला तर ती मिनिटाला ११०० हून अधिक शब्द टंकू लागली पाहिजे. प्रत्यक्षात काय होते ते मी शेकडो मुलामुलींच्या बोटांत पाहिले आहे. पहिले काही आठवडे वेग झपाट्याने वाढतो, मग मिनिटाला २५ शब्दांच्या आसपास तो अडकतो आणि महिना महिना हलत नाही. त्या काळात जो घाबरून दुप्पट तास बसतो, त्याच्या चुका वाढतात. अशा वेळी मी विद्यार्थ्याला दोन दिवस घरी पाठवते, आणि परत आल्यावर बहुतेकांचा वेग सुटलेला असतो. एक टक्क्याच्या त्या तक्त्यात थांबलेल्या महिन्याला जागाच नाही, त्यामुळे जो दिवस शिकण्याचाच एक भाग आहे तो तेथे लाल खुणेने अपयश म्हणून नोंदला जातो.

२१ दिवसांविषयी फार लिहायला नको. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणावरून आला : शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान सुमारे २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' हा शब्द वाटेत गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडत नाही, असेही त्यात आढळले.

१० हजार तासांचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण ज्या संशोधनाच्या आधारे तो सांगितला जातो, ते संशोधनच या संदेशाच्या विरुद्ध साक्ष देते. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटाचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकूण सराव १० हजार तासांच्या घरात होता; पण ती सरासरी होती, आणि त्या गटातील निम्म्या जणांचे तेवढे तास तोवर भरलेही नव्हते, असे एरिक्सन यांनीच पुढे स्पष्ट केले. त्याहून महत्त्वाचा भाग कोणी पुढे पाठवत नाही. हे वादक एकट्याने करायचा सराव आठवड्याला सुमारे २४ तास, म्हणजे दिवसाला साडेतीन तासच करत. तोही सलग नव्हे, मध्ये विश्रांती घेऊन. ते दिवसाला साडेआठ तासांहून किंचित जास्त झोपत, आणि ही झोप कमी सराव करणाऱ्या गटापेक्षा अधिक होती. सर्वोत्तम गटातील मुले दुपारचीही झोप घेत. ज्या श्रमातून त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात माणूस पूर्ण सावरू शकतो, त्याहून जास्त सराव करू नये, नाहीतर तो थकून जाईल, हे त्या संशोधकांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. म्हणजे जगातल्या उत्तम सरावाचा दाखला म्हणून ज्यांना पुढे केले जाते, ती माणसे दुपारी झोपत होती. आणि माझी भाची जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना इंग्रजी शब्द पाठ करत होती.

पहाटे उठणे चांगले आहे. मी स्वतः साडेपाचला उठते. पण जो अकराला झोपतो त्याने साडेचारला उठावे, याला शिस्त म्हणत नाहीत. ती झोपेची उधारी आहे. आणि टाकळीचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. परंपरा सांगते की रामदास सकाळी गोदावरीच्या पात्रात उभे राहून दुपारपर्यंत जप करीत, मग पंचवटीत मधुकरी मागत आणि त्यानंतर पुराणश्रवण करीत. त्या दिवसाला एकच सूत्र होते. कारखान्याची पाळी सांभाळून अकरा रकाने भरणाऱ्या मुलीशी त्याची तुलना करणे समर्थांवरही अन्याय आहे आणि तिच्यावरही.

राहिला प्रश्न आजोबांचा. माझे माहेर निफाड तालुक्यातले आणि आमची द्राक्षबाग होती, म्हणून हे वाक्य मला विशेष लागले. आजोबा राबले, यात शंका नाही. पण अमावास्येला आमच्याकडे औत जुंपत नसत, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू येत नसे, आणि अंधार पडला की शेतातले काम संपत असे. त्यांच्या थकव्याचीही नोंद कोणी ठेवली नाही. माझी आजी कधी कधी दोन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजून राहायची, आणि घरात त्याला 'तिला बरं नाही' एवढेच म्हणत. शब्द नव्हता, म्हणून ती गोष्टही नव्हती, असे होत नाही. आणि बागेचे म्हणाल तर, माल उतरल्यावर लगेच कोणी खरड छाटणीला, म्हणजे हंगामानंतरच्या मोठ्या छाटणीला, हात घालत नाही. दोन-तीन आठवडे बागेला विश्रांती देतात. त्या दिवसांत थोडे खत-पाणी चालू ठेवतात, म्हणजे काडीत आणि ओलांड्यात (वेलीच्या आडव्या फांदीत) पुन्हा अन्नसाठा होतो. एका वर्षी शेजारच्या बागेत छाटणी सुरू झालेली पाहून मी वडिलांना विचारले होते की आपली कधी. "बाग दमलेली आहे अजून," ते म्हणाले होते, आणि खांबाला टेकून तिच्याकडे बघत बसले होते. विश्रांती न देता छाटलेल्या बागेची फूट कमजोर आणि मागेपुढे निघते, हे निफाड-पिंपळगावकडच्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक आहे.

भाची आता डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवड्यांच्या रजेवर आहे. रिकाम्या जागेविषयी तिने वरिष्ठांना लेखी कळवले आहे. तो अर्ज माझ्याच संस्थेत बसून तिने टंकला. तक्ता कपाटावरून तिनेच काढला, मी सांगितले नव्हते. काकांना माझी एवढीच विनंती आहे की, तो संदेश कुटुंबाच्या गटातून काढून टाकावा, आणि एका संध्याकाळी तिला फोन करून, कोणताही सल्ला न देता, झोप लागते का एवढे विचारावे.