"जीपीएस मशीन खोटं बोलत नाही" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

आपल्या सोलापूरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय, मलाच पाच ठिकाणाहून आला. त्यात म्हटलंय की ट्रकमधल्या जीपीएस मशीनच्या स्पीडमध्ये एक किमीचापण फरक नसतो, मीटर आणि मशीन जुळलं नाही तर ड्रायव्हरनं मीटरशी खेळ केलाय, गव्हर्नर (गाडीला ठरलेल्या वेगाच्या वर जाऊ न देणारं यंत्र) ८० ला असताना मशीनवर ८६ दिसलं तर त्यानं गव्हर्नर काढलाय, आणि मशीनच्या रिपोर्टमध्ये हार्ड ब्रेकचा, म्हणजे एकदम जोरात मारलेल्या ब्रेकचा, लाल ठिपका आला की सरळ पगारातून पैसे कापा. आमच्या घरच्या चार गाड्या आहेत, कांदा भरून हैदराबादला जातात, आणि मी स्वतः असे पैसे कापलेले आहेत, म्हणून हे लिहायला बसलोय.

पहिलं, स्पीडचं. यात निम्मं खरं आहे. वर मोकळं आभाळ असेल आणि गाडी एकसारख्या वेगानं चालली असेल तर जीपीएसचा स्पीड खरंच चांगला येतो, एखाद्या किमीच्या आतबाहेर, कारण चांगलं मशीन दोन जागांमधलं अंतर मोजत बसत नाही, सॅटेलाइटच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरून वेग काढतं. पण उड्डाणपुलाखाली, उंच बिल्डिंगच्या मधे सिग्नल तुटला की तेच मशीन गडबडतं, आणि गाडीनं एकदम वेग बदलला तर आकडा थोडा मागून येतो. रिपोर्टमध्ये ६३.२७ असं छापून आलं म्हणजे पॉइंटनंतरचे दोन आकडेपण खरे, असं काही नसतं. गाडीच्या कॉम्प्युटरच्या वायरवरून जो स्पीड येतो तो तर किमीच्या २५६ व्या भागापर्यंत लिहिला जातो, पण तो मोजलाय चाकाच्या फेऱ्यांवरून, आणि चाकाचा घेर चुकीचा धरला असेल तर कितीपण बारीक लिहा, चूक ती चूकच.

मीटर जुळत नाही म्हणजे खेळ केलाय, हे तर एकदम चूक. मीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवेल असाच बनवतात. युनायटेड नेशन्सचा ३९ नंबरचा नियम आहे, मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किमी इतकं चालतं, म्हणजे खरा वेग ६० असताना मीटरवर ७० पर्यंत आलं तरी नियमात बसतं. त्यात टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या जास्त होतात आणि मीटर अजून वर जातो. ट्रकच्या टायरचा व्यास साधारण एक मीटरच्या वर असतो, त्यावरची १२ मिलिमीटर गोटी (रस्त्याला टेकणारी नक्षी) झिजली तर सव्वादोन टक्के फरक इथंच पडला.

गव्हर्नरचं ऐका. गव्हर्नर इंजिनचं डिझेल तोडतो, ब्रेक मारत नाही. भरलेली गाडी उताराला लागली आणि ड्रायव्हरनं आवरली नाही तर वजनानंच ८० च्या वर जाते, गव्हर्नर जाग्यावर असतानापण. उतारावर न्यूट्रल मारत असेल तर ती ड्रायव्हरची चूक आणि त्यासाठी त्याला बोललंच पाहिजे, पण सीलबंद गव्हर्नर काढल्याचा आळ घेणं वेगळी गोष्ट आहे.

आता लाल ठिपक्यावर येतो, कारण पैसे तिथंच कापले जातात. बऱ्याच मशीनमध्ये एका सेकंदात १० किमीच्या आसपास वेग उतरला की हार्ड ब्रेक धरतात, म्हणजे दर सेकंदाला वेगात सेकंदी पावणेतीन मीटरची घट (खाली मीटरची घट म्हणतो ती हीच). हे मोजायचे दोन रस्ते. एक जीपीएसवरून, पण मशीन जर दर १० सेकंदालाच एक पॉइंट पाठवत असेल तर ५४ वरून ३६ वर आलेली गाडी हळूहळू आली का शेवटच्या दीड सेकंदात दाबून आली हे त्यात दिसणारच नाही, दोन्हीची सरासरी एकच. म्हणजे खरा हार्ड ब्रेक सुटूपण शकतो.

दुसरा रस्ता मशीनच्या आतला सेन्सर, जो धक्का मोजतो, आणि इथं खरी गंमत आहे की त्याला ब्रेक आणि उतार यातला फरक आपणहून कळत नाही. तुळजापूर घाट उतरताना समजा ५ टक्के उतार आहे, तर गाडी एकसारख्या वेगानं चालली तरी सेन्सरला जवळपास अर्धा मीटरची घट दिसते. ट्रकची केबिन स्प्रिंगवर असते, ब्रेक मारला की नाक खाली वाकतं, ३ डिग्री वाकलं तरी अजून अर्धा मीटर. म्हणजे दोनचा ब्रेक तीनचा होतो आणि ठिपका लाल. आणि मशीन १० डिग्री वाकडं बसलं असेल तर गतिरोधकाचा वरखाली धक्कासुद्धा थोडा ब्रेकमध्ये मिसळतो. चांगल्या मशीनमध्ये हे सगळं वजा करायची सोय असते, पण बसवणाऱ्यानं मशीन घट्ट बसवून सेटिंग केलं तरच.

आमच्या एका गाडीला महिन्यात ४० लाल ठिपके आले, मी ड्रायव्हरचे पाचशे रुपये कापले, माणूस पंधरा वर्षं गाडी चालवतोय, एक शब्द बोलला नाही. नंतर दुसऱ्या कामासाठी डॅशबोर्ड उघडला तर मशीन आत वायरला लोंबकळत होतं, टेप कधीच सुटलेली. घट्ट बसवल्यावर पुढच्या महिन्यात ठिपके सहा. पैसे परत दिले आणि माफीपण मागितली.

मशीन तपासायला खर्च नाही लागत. मोहोळच्या बाजूला सकाळी रस्ता मोकळा असताना ड्रायव्हरला एकसारखी गाडी चालवू द्या, बाजूला बसलेल्यानं किलोमीटरच्या दगडापासून पाच किमीचा टाइम मोबाइलवर लावायचा. ६० नं चाललात तर बरोबर ३०० सेकंद, आणि स्टॉपवॉच एक सेकंद चुकलं तरी फरक ०.२ किमीचाच पडतो. आम्ही केलं तेव्हा ३०१ सेकंद आले, म्हणजे ५९.८, मशीनवर ६० होतं आणि मीटरवर ६३. ब्रेकसाठी याहून सोपं, गाडी सपाट जाग्यावर आणि मग उतारावर नुसती उभी करा आणि मशीनवाल्याला विचारा दोन्हीकडे सेन्सरचा आकडा काय येतोय. उभ्या गाडीला तो ब्रेक दाखवत असेल तर आधी त्याच्याकडून ते दुरुस्त करून घ्या, तोपर्यंत त्या गाडीच्या ड्रायव्हरचा एक रुपयापण कापू नका.