युरोपावर मासे सापडलेले नाहीत, यान अजून पोहोचायचंय

गेला आठवडाभर ठाण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नासाचं क्लिपर यान गुरूच्या युरोपा या चंद्रावर उतरलं, ड्रिलने बर्फ फोडून खालच्या समुद्रात शिरलं, तिथे मासे सापडले आणि नासा हे लपवतेय, असा त्याचा मजकूर. सोबत निळसर चमकणाऱ्या माशाचा फोटो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या ग्रुपमध्ये त्याखाली लगेच उलट उत्तर आलं: 'जिथे ऊन पोचत नाही तिथे जीव असूच शकत नाही, पाच अब्ज डॉलर पाण्यात गेले.' मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातली मुलं हे खरं धरून बोलायला लागली, म्हणून एकेक विधान घेऊन लिहितेय.

'यान उतरलं.' नाही. क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला फ्लोरिडातून निघालं. मार्च २०२५ मध्ये मंगळाजवळून जाताना त्याने आपला मार्ग वळवून घेतला. डिसेंबर २०२६ मध्ये पृथ्वीजवळून वेग घेऊन एप्रिल २०३० मध्ये ते गुरूपाशी पोहोचावं, अशी आखणी आहे. युरोपाजवळून खऱ्या फेऱ्या त्यानंतर २०३१ मध्ये सुरू होतील. उतरण्यासाठी त्याला पायच दिलेले नाहीत. ते गुरूभोवती फिरत राहील आणि युरोपाच्या जवळून ४९ वेळा जाईल, सर्वांत जवळ असेल तेव्हा जेमतेम २५ किलोमीटर उंचीवरून. युरोपाभोवतीच का फिरत नाही, असं मुलं विचारतात. कारण तिथला किरणोत्सर्ग इतका भयंकर आहे की यान त्यात फार काळ टिकणार नाही. म्हणून झटकन जवळ जायचं, माहिती घ्यायची आणि लांब निघायचं.

'ड्रिलने बर्फ फोडला.' क्लिपरवर ड्रिल नाही, आणि असतं तरी? युरोपाचं बर्फाचं कवच साधारण १५ ते २५ किलोमीटर जाड असावं, असा अंदाज आहे. पृथ्वीवर माणसाने पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पातलं, ते १२ किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन थांबलं. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक सरोवरापर्यंत पोहोचायला साडेतीन किलोमीटरहून जास्त बर्फ भेदावा लागला. ते २०१२ मध्ये जमलं, आणि तिथे माणसं, इंधन, यंत्रं सगळं जागेवर होतं. आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. आधीच्या गॅलिलिओ यानाचं इंधन संपत आलं, तेव्हा २००३ मध्ये ते मुद्दाम गुरूच्या वातावरणात पाडून नष्ट केलं. चुकून युरोपावर आदळून आपले जंतू तिथे जाऊ नयेत म्हणून. ज्यांनी एवढी काळजी घेतली ते गुपचूप बर्फ फोडत बसतील, हे मला पटत नाही.

'मासे दिसले.' युरोपाचे आजवरचे सर्वांत बारकाईचे फोटो गॅलिलिओने काढले, आणि त्यात एका ठिपक्यात सुमारे सहा मीटर जागा मावते. क्लिपरचा कॅमेरा अर्ध्या मीटरपर्यंत जाईल, पण तेही बर्फाच्या वरच्या बाजूचं. मुळात हे यान जीव शोधायला पाठवलेलंच नाही. तिथे जगता येण्यासारखी परिस्थिती आहे का, एवढंच ते तपासणार. पाणी आहे का, सजीवांना लागणारी मूलद्रव्यं आहेत का, ऊर्जा कुठून मिळेल. रडार कवचाच्या आत डोकावेल, चुंबकत्व मोजणारं उपकरण समुद्राची खोली आणि खारटपणा सांगेल, आणखी दोन उपकरणं पृष्ठभागावरून उडालेली धूळ आणि वायू हुंगतील. समुद्र आहे याचा पुरावाही गॅलिलिओच्या चुंबकीय मोजमापांतून आला, फोटोतून नाही. या चंद्राचा आकार आपल्या चंद्राहून थोडा लहान, पण तिथे पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असू शकतं. माशाच्या फोटोपेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं.

'लपवतेय.' यानांची माहिती ठरावीक काळाने सगळ्या जगासाठी खुली होते. शिवाय युरोप खंडातल्या देशांच्या अवकाश संस्थेचं ज्यूस हे यान एप्रिल २०२३ मध्येच निघालंय. २०३१ मध्ये ते गुरूपाशी पोहोचेल आणि युरोपाजवळून दोनदा जाईल.

आता उलट उत्तराकडे, कारण ते अधिक पटण्यासारखं वाटतं. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ अडीच किलोमीटर खोल समुद्रात संशोधकांना गरम पाण्याचे झरे सापडले. भोवती किडे, शिंपले, जिवाणूंची दाट वस्ती. तिथे सूर्यकिरण नावालाही नाही. ते जिवाणू झऱ्यातल्या रसायनांवर जगतात, आणि बाकीचे त्या जिवाणूंवर. युरोपाच्या समुद्रतळाशी असे झरे आहेत का, ठाऊक नाही. पण गुरूच्या ओढीने तो चंद्र सतत दाबला-ताणला जातो आणि त्यातून आत उष्णता तयार होते, हे भौतिकशास्त्र पक्कं आहे. तेव्हा 'असूच शकत नाही' हे विधानही टिकत नाही.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना एवढंच सांगते: २०३० च्या आधी क्लिपरने जवळून काढलेला म्हणून युरोपाचा फोटो आला, तर तो खोटाच आहे. तो पुढे पाठवू नका. आणि आपल्या सातवी-आठवीतल्या मुलाला एखाद्या संध्याकाळी गच्चीवर नेऊन गुरू दाखवा. ठाण्याच्या दिव्यांतही तो दिसतो, आणि साध्या दुर्बिणीतून त्याच्या बाजूचे ठिपके मोजता येतात. त्यातला एक युरोपा.