आडनावावर मिळत नाही, तारखेवर हुकते

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : "अमेरिकेत हिस्पॅनिक मुलांच्या इंटर्नशिप म्हणजे आडनावाचा कोटा. गार्सिया असलं की झालं. आणि आत जाऊन करतात काय, तर झेरॉक्स." झेरॉक्सचं थोडं खरं आहे. आडनावाचं नाही.

अमेरिकी सरकारच्या १९९७च्या व्याख्येत हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश संस्कृतीचं मूळ असलेली व्यक्ती, मग वंश कोणताही असो. आडनावाचा त्यात उल्लेखही नाही. (गोव्याच्या फर्नांडिसांनी उगाच आशा धरू नये, पोर्तुगीज वारसा यात बसत नाही.) शिवाय फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांची 'पाथवेज' इंटर्नशिप कुणासाठीच राखीव नाही. पुढे कायम व्हायचं तर अमेरिकी नागरिकत्व मात्र लागतं. तुमची तिथेच जन्मलेली मुलं त्यात खुशाल अर्ज करू शकतात.

मग काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूटसारख्या संस्था कशाला, असं तुम्ही विचाराल. ही संस्था १९७८ची. वॉशिंग्टनमध्ये ती विद्यार्थ्याला राहायला जागा आणि विद्यावेतन देते. खासदारांच्या कार्यालयांना इंटर्नच्या पगारासाठी वेगळा निधी मिळू लागला तो २०१९च्या अर्थसंकल्पापासून, आणि व्हाइट हाउसने पगार सुरू केला २०२२च्या शरद ऋतूत. तोवर बहुतेक ठिकाणी फुकट राबायचं आणि भाडं वडिलांनी भरायचं. टेक्सासच्या शेतमजुराच्या मुलीने ते कुठून आणायचं?

आता अर्ज कुठे फसतात ते बघा. यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरची जाहिरात कधीकधी चार-पाच दिवसच उघडी असते. ठरावीक अर्ज आले की त्याच रात्री बंद होते, म्हणून शोध जतन करून ईमेल सूचना लावून ठेवायची. रेझ्युमेत "उन्हाळा २०२३, पिझ्झा दुकान" असं लिहिलं तर तो अनुभव मोजताच येत नाही. "जून ते ऑगस्ट २०२३, आठवड्याला २५ तास" असं हवं. तासांचा आकडा नाही म्हणून चांगले अर्ज पहिल्याच चाळणीत पडतात. १८ ते २५ वयाच्या मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (सक्तीच्या लष्करभरतीच्या यादीतली) नोंदणी राहिली असेल तर तीही आडवी येते.

सुरक्षा तपासणीचा एसएफ-८६ फॉर्म लागला तर दहा वर्षांचे पत्ते आणि आईवडिलांचं नागरिकत्वही विचारतात. ज्यांच्या घरी कुणाचे कागद अपुरे आहेत, ती मुलं इथे गडबडतात आणि रकाना कोरा सोडतात किंवा खोटं लिहितात. खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. भरण्याआधी वकिलाला विचारावं, हे आधीच सांगणारं माणूस त्यांच्याजवळ नसतं.

'पाथवेज'मधून कायम नोकरी मिळण्याचं गणितही असंच. २०२४च्या नव्या नियमांनी पूर्वीची ६४० तास कामाची अट ४८० वर आणली. दहा आठवड्यांचा उन्हाळा म्हणजे ४०० तास. उरलेले ८० तास कोणी बोलून दाखवत नाही. शरद सत्रात आठवड्याला २० तास धरून चार आठवडे काम सुरू ठेवायचं, हे साहेबाशी जुलैतच बोलून घ्यावं लागतं.

खाजगी कंपन्यांचं घड्याळ वेगळं. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँका पुढच्या उन्हाळ्याच्या जागा वर्षभर आधीच भरतात, म्हणजे मूल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असतानाच. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या 'शेप' (एसएचपीई) या हिस्पॅनिक इंजिनिअरांच्या संघटनेचं शरद ऋतूतलं अधिवेशन महत्त्वाचं. मुलाखती तिथल्या तिथे होतात, पण रेझ्युमे आधीच पाठवलेला बरा. दोन्ही दारं ठोठावावीत, कारण २० जानेवारी २०२५ला फेडरल भरती गोठवली गेली, तेव्हा फक्त सरकारवर भिस्त ठेवणारे अडकले.

आणि झेरॉक्स? खासदाराच्या कार्यालयात फोन घेणं, पत्रांची नोंद ठेवणं, पाहुण्यांना कॅपिटल म्हणजे संसद भवन दाखवणं हे असतंच. पण मतदारसंघातल्या कार्यालयात पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, व्हिसा अडकलेली माणसं येतात, आणि त्यांतली बरीच स्पॅनिशच बोलतात. तिथे घरची भाषा हीच पात्रता ठरते. पहिल्याच आठवड्यात "माझं स्वतंत्र काम कोणतं?" असं विचारून उत्तर ईमेलवर घेतलं, की झेरॉक्सचे तास आपोआप कमी होतात.