एकच रेपिअर भिंतीलाही आणि झुंजीलाही?

सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोपीय रेपिअरची प्रतिकृती घेऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिलेला एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे असे: रेपिअर ही काडीसारखी तलवार, तेव्हा प्रतिकृती जितकी हलकी तितकी अस्सल, ती स्टेनलेस स्टीलची घ्यावी, म्हणजे गंजत नाही आणि एकच तलवार भिंतीलाही शोभते व सरावाच्या झुंजीलाही चालते, पात्यावर ‘टोलेडो’ हे तलवारींसाठी नावाजलेल्या स्पॅनिश शहराचे नाव कोरलेले पाहून घ्यावे, आणि धार नसली की धोका नाही व परवान्याची काळजीही नाही. यातले गंजाविषयीचे म्हणणे तेवढे बरेचसे खरे आहे. बाकीचे तपासून पाहिले की टिकत नाही.

हलकेपणाची कल्पना बहुधा चित्रपटांतून आणि ऑलिंपिकमधील तलवारबाजीतून आली असावी. तिथे वापरल्या जाणाऱ्या तलवारींपैकी फॉइल ५०० ग्रॅमपेक्षा आणि एपे ७७० ग्रॅमपेक्षा हलके असावे लागते. संग्रहालयांतील मूळ रेपिअर मात्र साधारण एक ते सव्वा किलोच्या, काही त्याहूनही जड आहेत. म्हणजे वजनात या रेपिअर त्या काळातल्या इतर एकहाती तलवारींच्याच पंगतीत बसतात. हातात ती चपळ वाटते, कारण वजनाचा मोठा वाटा मुठीकडे असतो आणि तोलाचा बिंदू परजेपासून, म्हणजे मुठीवर हात वाचवणाऱ्या कवचापासून, चार-पाच बोटांवर येतो. शिवाय पाते लांब असते. १६१० साली कापो फेर्रो या इटालियन वस्तादाने तलवार हाताच्या दुप्पट लांब असावी असे सांगितले, तर इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला १५६०च्या दशकात पात्याच्या लांबीवर सुमारे १०३ सेंटीमीटरची मर्यादा घालावी लागली. असे मीटरभर लांबीचे पाते, पोलादी परज आणि मुठीच्या टोकाचा गोळा एवढे सगळे अर्ध्या किलोत बसवायचे, तर कुठेतरी काटछाट करावीच लागते.

स्टेनलेसचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पोलादाला गंजरोधक करायला त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. शोभेच्या तलवारींना वापरल्या जाणाऱ्या अशा पोलादाची सुरी उत्तम होते, पण मीटरभर लांब, अरुंद पाते वारंवार वाकवून सोडायचे म्हटले, की त्याला लागणारा चिवटपणा त्यात नसतो. एका परिचिताने हौसेने घेतलेली अशी तलवार मी स्वतः उघडून पाहिली आहे. बाहेरून जाळीदार परज, मुठीवर तारेची सुबक गुंफण; आणि आत पाते मुठीत शिरते न शिरते तोच संपलेले, पुढे त्याला पेन्सिलीएवढा आटे पाडलेला गज झाळून जोडलेला. त्या झाळकामाला केसाएवढी चीर गेली होती. दोनचार वार अडवल्यावर पाते मुठीतून सुटून समोरच्याच्या दिशेने गेले असते.

झुंजीसाठी पाते स्प्रिंग स्टीलचे लागते. आपल्याकडे गावचा लोहार ट्रकच्या पाट्याचा कोयता करतो, त्याच जातकुळीचे हे पोलाद. त्याला नीट पाणी दिलेले हवे, पात्याचाच दांडा अखंडपणे मुठीच्या टोकापर्यंत गेलेला हवा आणि टोक गुंडाळून वा चपटे रुंद करून बोथट केलेले हवे, वर रबरी टोपी वेगळी. टोक भिंतीला टेकवून हलके दाबले, तर कमान पात्याच्या पुढच्या भागात पडावी आणि सोडताच पाते सरळ व्हावे. प्रत्येक सरावानंतर जुना नायलॉनचा मोजा कडांवरून फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे खाच पडली आहे असे समजून ती कानशीने घासून टाकावी.

भिंतीसाठी मात्र स्टेनलेसला माझी हरकत नाही, कोकणच्या दमट हवेत तर मुळीच नाही. स्प्रिंग स्टीलच्या पात्यावर घामेजलेल्या बोटांचे ठसेसुद्धा चारदोन दिवसांत तांबूस होतात. त्याला शिवणयंत्राचे तेल पुसत राहावे लागते आणि ओल धरणाऱ्या चामड्याच्या म्यानात ते ठेवून चालत नाही. हा उपद्व्याप नको असेल, तर शोभेची घ्यावी आणि ती भिंतीवरून काढू नये.

‘टोलेडो’ या कोरीव अक्षरांविषयी इतकेच, की ही नक्कल आजची नव्हे. जर्मनीतील सोलिंगेनचे कारागीर सतराव्या शतकातच आपल्या पात्यांवर टोलेडोच्या नामांकित लोहारांची नावे बिनदिक्कत घालत. आपल्याकडच्या फिरंगांवर, म्हणजे युरोपीय घाटाच्या पात्याच्या तलवारींवर, दिसणारे इटलीतील जेनोव्याचे दातेरी चंद्रकोरीचे शिक्केही पुढे अनेक ठिकाणी, भारतातसुद्धा, नकलून मारले गेले. आज पाश्चात्त्य बाजारात विकल्या जाणाऱ्या कितीतरी प्रतिकृती डेहराडूनमध्ये घडतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पोलाद कोणते आणि दांडा कसा, हे विक्रेत्याने सांगितले तर त्याला अर्थ आहे. अक्षरे कोणीही कोरू शकतो.

धार नसली म्हणजे धोका नाही, हे विधान रेपिअरच्या बाबतीत तर विशेषच अजब आहे, कारण ही तलवार मुख्यतः टोकाने लढते. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव्हच्या मुखवट्याची जाळी भेदून प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते आत गेले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. ते पाते बिनधारेच्या, बोथट टोकाच्या फॉइलचे होते. मोडलेले टोक मात्र बोथट नव्हते. त्यानंतर पाती आणि मुखवटे दोन्ही सुधारले गेले. तेव्हा मुखवटा, गळपट्टा आणि जाड जाकीट यांचे पैसे बाजूला काढल्याशिवाय तलवारीचा भाव विचारूच नये.

राहिला परवाना. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये केवळ घरगुती वा शेतीच्या कामाच्या वस्तू, आणि खेळण्याखेरीज कशालाही न वापरता येणारी व खऱ्या शस्त्रात बदलताही न येणारी शस्त्रे वगळली आहेत. धार लावता येईल अशी पोलादी रेपिअर त्या अपवादात बसते असे कोणी गृहीत धरू नये. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून गुन्हा ओढवून घेतल्याच्या बातम्या आपण वाचतोच. परवान्याची सक्ती क्षेत्रानुसार अधिसूचनेने ठरत असल्यामुळे, पैसे भरण्याआधी आपल्या जिल्ह्यातील पोलिसांच्या परवाना शाखेत विचारावे, आणि उत्तर लेखी मिळाले तर ते बिलाला जोडून ठेवावे.